फाइल तपासायची कोणी? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

छपाईसाठी फाइल कशी द्यावी, या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मी सगळं ओझं ग्राहकाच्या गळ्यात मारलंय. पीडीएफ दिली की पुढचं बघणं प्रेसचं काम. आरजीबीचं (पडद्यावरचे लाल-हिरवा-निळा) सीएमवायके (छपाईच्या चार शाया: सायन, मॅजेंटा, यलो, ब्लॅक) त्यांचं सॉफ्टवेअर करतंच, ३०० डीपीआयचा (फोटोत इंचाला ३०० ठिपके) उगाच बाऊ केला जातो. शिवाय तुमच्या ६४ पानी अंकात मधल्या पानांचे क्रमांक कापले गेले, तेव्हा पैसे मोजायचे तरी कशाचे?

प्रेसने फाइल तपासायलाच हवी, यात वाद नाही. फॉन्ट एम्बेड (फाइलमध्येच बसवलेले) आहेत का, पानाचं माप ऑर्डरशी जुळतं का, ब्लीड (कटिंगसाठी कडेबाहेर वाढवलेली छपाई) सोडलंय का, हे प्रीफ्लाइटमध्ये, म्हणजे छपाईआधीच्या फाइल-तपासणीत, चटकन कळतं. पण ती तपासणी फाइल छापता येईल की नाही एवढंच सांगते. तुम्हाला नेमकं काय छापायचं होतं, हे तिला ठाऊक नसतं. मुखपृष्ठावरचा धूसर फोटो मुद्दाम धूसर ठेवलाय की व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला तसाच डकवलाय, हे समोरच्या ऑपरेटरने कशावरून ओळखायचं? माझ्या लेखाचा सगळा रोख या दुसऱ्या प्रकारच्या गोष्टींवर होता.

रंगांबद्दल तुमचं अर्धं बरोबर आहे. पीडीएफ/एक्स-४ या छपाईसाठीच्या पीडीएफ प्रकारात प्रोफाइलसकट (रंग नेमके कसे वाचायचे याच्या माहितीसकट) आरजीबी फोटो चालतात आणि ते शेवटी प्रेसमध्ये बदलले तरी बिघडत नाही; कित्येकदा तेच बरं, कारण कागद कुठला हे त्यांना माहीत असतं. पीडीएफ/एक्स-१ए हा दुसरा प्रकार मागितला असेल तर मात्र आरजीबी चालत नाही. पण फोटोंचं सोडा, खरी गोची काळ्या मजकुराची आहे. वर्ड प्रोसेसरमधून काढलेल्या पीडीएफमध्ये काळी अक्षरं बहुतेक वेळा आरजीबीतली काळी असतात. फोटोशॉपच्या जुन्या डीफॉल्ट सेटिंगने, म्हणजे स्वॉप प्रोफाइलने, ती बदलली की सायन ७५, मॅजेंटा ६८, यलो ६७, ब्लॅक ९० असं मिश्रण येतं. प्रत्येक शाईची प्लेट वेगळी, त्यामुळे आठ पॉइंटचं बारीक अक्षर चार प्लेटवर विभागलं जातं. त्यातली एक प्लेट केसभर जरी सरकली, तरी अनुस्वाराच्या टिंबाला गुलाबी कडा येते आणि उकार भरून जातात. तेच अक्षर फक्त १०० टक्के ब्लॅकमध्ये असेल तर सरकायला दुसरी प्लेटच नाही. काही प्रेस हे आपणहून दुरुस्त करतात. पण मुखपृष्ठाचा मोठा काळा पट्टा तुम्ही जाणूनबुजून चार रंगांत गडद केला असेल, तर त्या दुरुस्तीत तोही फिकट होऊ शकतो. म्हणून म्हणतो, हा निर्णय तुमच्याकडे ठेवा.

याच जातीचा आणखी एक प्रकार म्हणजे ओव्हरप्रिंट, म्हणजे खालचा रंग न कापता त्याच्यावरच छापणं. शीर्षक आधी काळं होतं, ओव्हरप्रिंट चालू होतं. मग पार्श्वभूमी गडद केली आणि शीर्षक पांढरं केलं. ओव्हरप्रिंट तसंच राहिलं. पांढरी शाई नसतेच, त्यामुळे ‘वर छापा’ म्हटल्यावर काहीच छापलं जात नाही आणि शीर्षक गायब! साध्या पीडीएफ व्ह्यूअरमध्ये ते बऱ्याचदा दिसत राहतं. अ‍ॅक्रोबॅटच्या आउटपुट प्रिव्ह्यूमध्ये ओव्हरप्रिंट चालू करून पाहिलं की लगेच कळतं. तिथेच एकेक प्लेट बंद करून काळ्याचाही सोक्षमोक्ष लावता येतो.

३०० डीपीआयचा आकडा काही दगडावरची रेघ नाही, हे मान्य. ढोबळ हिशेब असा की स्क्रीनच्या लाइनच्या (छपाईत इंचाला ठिपक्यांच्या जेवढ्या ओळी येतात त्यांच्या) दीड ते दुप्पट रिझोल्युशन पुरतं. १५० लाइनच्या छपाईला २२५ ते ३००. वर्तमानपत्राच्या कागदावर २०० मध्ये भागतं. लांबून बघायच्या फलकाला तर त्याहून कितीतरी कमी. पण हिशेब करायचा तो पानावरच्या प्रत्यक्ष मापाने. १०८० पिक्सेल रुंद फोटो ३०० डीपीआयला जेमतेम ९ सेंटीमीटर जातो. तोच ए-४च्या पूर्ण रुंदीला ताणलात तर १३० उरतात, आणि डायलॉग बॉक्समध्ये ३०० टाइप केल्याने नवा तपशील जन्माला येत नाही. रेषाचित्रांना उलट १२०० लागतात, नाहीतर रेषांना दाते पडतात.

‘किरकोळ दुरुस्ती प्रेसवाले करून देतात’ हे तुमचं वाक्य मला सगळ्यात धोक्याचं वाटलं. देवनागरी मजकुराची पीडीएफ कोरल ड्रॉसारख्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली की मजकूर पुष्कळदा जसाच्या तसा राहत नाही. ऱ्हस्व वेलांटी पुढच्या अक्षरावर जाते, रफार भलत्याच ठिकाणी बसतो, जोडाक्षरं फुटून हलन्त दिसू लागतात. ज्या ओळीत दुरुस्ती केली तिकडे सगळ्यांचं लक्ष असतं. फुटतं ते तिसऱ्या परिच्छेदात. दुरुस्ती मूळ फाइलमध्येच करा आणि नवी पीडीएफ पाठवा. घाईत प्रेसने केलीच, तर त्यांच्याकडून नवी पीडीएफ मागवून ते अख्खं पान वाचा, फक्त बदललेली ओळ नव्हे. मजकूर कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांची चित्रं बनवून, दिला तर फुटत नाही, पण मग वेलांटी सुधारायचीही सोय राहत नाही.

आता तुमचे कापलेले क्रमांक. पिन बायंडिंगमध्ये (घडीवर पिना मारलेल्या बांधणीत) पानं एकात एक घालतात, त्यामुळे मधली पानं बाहेर सरकतात. ६४ पानं म्हणजे १६ दुमडलेले कागद, कागद ०.१ मिलिमीटर जाडीचा धरला तरी सगळ्यात आतलं पान सुमारे दीड मिलिमीटर पुढे येतं आणि कटिंगमध्ये तेवढंच जास्त कापलं जातं. पानं मांडताना ही सरक भरून काढणं प्रेसचं काम, तुमचं नव्हे. इथे तुमची तक्रार रास्त आहे, आणि पुढच्या वेळी ऑर्डर देतानाच त्यांना तसं विचारा. पण क्रमांक कडेपासून किती आत होते? तुम्ही जोडलेल्या चित्रात ते ३ मिलिमीटरच्या आसपास दिसतात. कटिंगमध्ये मिलिमीटरभर इकडेतिकडे होतंच, त्यात ही दीडची भर. निदान ७-८ मिलिमीटर आत घ्या, मग सरक भरून काढायची राहिली तरी क्रमांक शाबूत राहतील.