बिल विदर्स कुठे राहिला?
सत्तरच्या दशकातल्या सोल (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं भावपूर्ण संगीत) गायकांवरच्या या लेखात स्टीव्ही वंडर, मार्विन गे, अल ग्रीन सगळे आले, पण बिल विदर्सचं नावच नाही! ९ वर्षं नौदलात काढून हा माणूस विमानातली शौचालयं बनवणाऱ्या कारखान्यात लागला होता. १९७१च्या पहिल्या अल्बमच्या कव्हरवर जेवणाचा डबा हातात घेऊन उभा आहे, बघा. 'एन्ट नो सनशाइन' या गाण्यात तो 'आय नो' सलग २६ वेळा म्हणतो ना, तिथे खरं तर त्याला आणखी ओळी लिहायच्या होत्या. सोबतच्या वादकांनीच आहे तसं राहू द्यायला सांगितलं. बरं झालं! पुढे रेकॉर्ड कंपनीवाल्यांना वैतागून ऐंशीच्या दशकात त्याने अल्बम काढणंच सोडलं. लेखाचा दुसरा भाग काढणार असाल तर त्याच्यापासून सुरुवात करा.