निल गाव कारखान्याने वाचवलं, हे अर्धंच खरं
लेखात म्हटलंय की लव्ह-अ-डक या बदकाच्या मांसाच्या कारखान्याने म्यानमारमधल्या कारेन या वांशिक समाजाच्या निर्वासितांना नोकऱ्या दिल्या आणि ऑस्ट्रेलियातलं निल गाव वाचलं. हे अर्धवट आहे हो. लव्ह-अ-डकला माणसं हवी होती हे खरंच, पण नुसत्या नोकरीवर कोण मेलबर्न सोडून पावणेचारशे किलोमीटर आत, जेमतेम दोन हजार वस्तीच्या गव्हाच्या पट्ट्यात जाऊन राहील? २०१० च्या सुमारास पहिली कुटुंबं आली त्याआधी गावातल्या लोकांशी बोलणं झालं होतं, ही माणसं कोण, म्यानमारमधून का पळाली, थायलंडच्या छावण्यांत वर्षानुवर्षं कशी राहिली ते सांगितलं गेलं. मग घरं शोधणं, इंग्रजी शिकवणं, शेजारी बसून गाडी चालवायला शिकवणं, हे सगळं गावकऱ्यांनी केलं, त्यात निवृत्त माणसं कितीतरी. २०१५ च्या अहवालात त्यांच्यामुळे पाच वर्षांत तिथल्या भागाच्या अर्थव्यवस्थेत सुमारे ४ कोटी १५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरची भर पडली असा आकडा आहे, तो सगळे सांगतात, या कष्टांचं कोणी बोलत नाही!

आम्ही मेलबर्नहून ॲडलेडला जाताना निलला थांबतो. तिथे पॉ पो म्हणून दुकान आहे, कारेन बायकांनी विणलेल्या पिशव्या मिळतात, विणकाम इतकं घट्ट की उलटी करून बघितली तरी कुठे सुटा धागा दिसत नाही. याच बायका सुरुवातीला भाषेअभावी घरातच अडकलेल्या होत्या. लेखात त्यांच्यावर एक ओळ नाही, ती यायलाच हवी होती.