नुसता सीआरपी बघून घाबरू नका, आणि स्टिरॉइड तर मनाने अजिबात नको

पावसाळा लागला की आमच्या लॅबमध्ये हे ठरलेलंच. ताप काल रात्री आलेला, डॉक्टरांना अजून दाखवलेलं नाही, आणि माणूस थेट काउंटरवर येऊन म्हणतो, मॅडम ते तापाचं पॅकेज करून टाका, सीआरपी आहे ना त्यात, आणि डी-डायमर, फेरिटिन पण घाला. कोविडने बाकी काय शिकवलं माहीत नाही, पण ही तीन नावं घरोघरी पोचवली (सीआरपी आणि फेरिटिन शरीरात सूज आली की वाढतात, डी-डायमर रक्तात गुठळ्या होऊन विरघळल्या की). मी टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही, पण एवढं ठामपणे सांगते (आमच्या मालकांना आवडणार नाही, चालेल) की ताप येऊन एकच दिवस झालाय, दम लागत नाही, ऑक्सिजन ९७-९८ आहे, अशा माणसाने मनाने हे मार्कर, म्हणजे आजाराची खूण दाखवणाऱ्या या रक्ताच्या टेस्ट, केले तर पैसे जातात, झोप जाते, हाती फारसं काही लागत नाही.

सीआरपी हे लिव्हरने बनवलेलं प्रोटीन आहे. शरीरात कुठे इन्फेक्शन झालं, जखम झाली, सूज आली की आयएल-६ नावाचा निरोप लिव्हरला जातो आणि लिव्हर सीआरपी सोडायला लागतं. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टिलेट आणि फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या पेशंटच्या रक्तात हे पहिल्यांदा सापडलं, म्हणजे टेस्ट काही नवीन नाही. सहा-आठ तासांत वाढायला लागतं आणि साधारण दोन दिवसांत वर जातं, त्यामुळे पहिल्या दिवशी कमी आलं म्हणून निर्धास्त व्हायचं कारण नाही आणि थोडं जास्त आलं म्हणून रडायचंही नाही. वजन जास्त असेल, सिगरेट असेल, हिरड्या सुजलेल्या असतील तरी हलकं वाढलेलं असतं. रात्री कुत्री भुंकायला लागली की वस्तीत कोणीतरी आलंय एवढं कळतं, चोर आहे का पाहुणा ते नाही, तसंच हे.

मग हे मार्कर बोगस आहेत का, तर नाही, आणि इथेच लोकांचा घोळ होतो. मार्च २०२० मध्ये वुहानच्या १९१ कोविड पेशंटचा अभ्यास लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला, त्यात अॅडमिट होताना डी-डायमर १ च्या वर असलेल्यांत मृत्यूची शक्यता साधारण १८ पट दिसली. तो १८ चा आकडा सगळीकडे फिरला. पण ते सगळे अॅडमिट झालेले पेशंट होते, घरी काढा पिऊन बसलेले नव्हते. शिवाय पेशंट इतके कमी की त्याच पेपरच्या हिशोबाने खरा आकडा अडीच पटीपासून सव्वाशे पटीच्या पुढेपर्यंत कुठेही असू शकत होता. हे कोणी फॉरवर्ड केलं नाही.

नंतर ब्रिटनमध्ये हजारो अॅडमिट कोविड पेशंटवरून मृत्यूचा धोका मोजणारा फोर-सी नावाचा स्कोअर बनवला, एकूण २१ मार्कांचा. त्यात एकट्या वयाला जास्तीत जास्त ७ मार्क, सीआरपीला फक्त २, आणि ते दोनही १०० किंवा वर गेला तरच. बाकी श्वासाचा वेग, ऑक्सिजन, युरिया, माणूस शुद्धीवर आहे का, जुने आजार वगैरे. म्हणजे ७५ वर्षांच्या आजोबांचा सीआरपी नॉर्मल असला तरी त्यांची काळजी ३० वर्षांच्या नातवापेक्षा जास्तच करायची, नातवाचा ६० आला तरी. आमच्याकडे उलटं व्हायचं, नातवाचा रिपोर्ट घेऊन अख्खं घर धावपळ करायचं आणि आजोबा कोपऱ्यात धापा टाकत.

सीआरपीचा खरा उपयोग कुठे झाला ते ब्रिटनच्या रिकव्हरी ट्रायलमध्ये, म्हणजे कोविडच्या औषधांच्या मोठ्या चाचणीत, दिसतं. टोसिलिझुमॅब हे आयएल-६ ला अडवणारं औषध कोणाला द्यायचं, तर ऑक्सिजन कमी पडतोय आणि सीआरपी ७५ किंवा जास्त आहे त्यांना. दोन्ही पाहिजे! त्यात मृत्यू ३५ टक्क्यांवरून ३१ वर आले. पेशंट बेडवर, डॉक्टर समोर, आणि त्यात मार्करची भर, तेव्हा आकड्याला अर्थ येतो. एकाच आकड्यापेक्षा काल किती होता आणि आज किती, हे बघणं तर कधीही चांगलं.

आता लॅबच्या आतलं थोडं. सीआरपी काही ठिकाणी मिलिग्रॅम पर लिटरमध्ये देतात, काही ठिकाणी पर डेसिलिटरमध्ये, म्हणजे एकीकडचा ४ दुसरीकडे ४० असतो. दोन लॅबचे रिपोर्ट शेजारी ठेवून 'दहापट वाढला हो' म्हणून रडत आलेले लोक मी बघितलेत. डी-डायमरच्या युनिटचा तर त्याहून गोंधळ. त्याची निळ्या टोपणाची ट्यूब खुणेपर्यंत भरली नाही तर आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही, आणि रक्त काढताना पेशी फुटल्या तर एलडीएच (पेशींच्या आतलं एक एन्झाइम, हाही मार्करच) उगाच वाढलेला दिसतो. कागदावर छापून आलं म्हणून ते ब्रह्मवाक्य नव्हे.

सगळ्यात वाईट वाटतं ते स्टिरॉइडचं. त्याच रिकव्हरी ट्रायलने जून २०२० मध्येच सांगितलं होतं की डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड ऑक्सिजन लागणाऱ्यांना वाचवतं, ज्यांना ऑक्सिजन लागत नाही त्यांना फायदा नाही. तरी दुसऱ्या लाटेत सीआरपी वाढलाय एवढ्यावरच दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गोळ्या सुरू झाल्या, कोणी मेडिकलमधून, कोणी शेजाऱ्याची चिठ्ठी बघून. मे २०२१ मध्ये एम्सचे तेव्हाचे डायरेक्टर डॉ. रणदीप गुलेरिया यांनी जाहीर सांगितलं की सौम्य आजारात सीटी आणि हे मार्कर करू नका, पण तोवर स्टिरॉइडने साखर चारशेच्या पुढे गेलेले आणि मग म्युकर नावाच्या बुरशीने डोळा गमावलेले पेशंट आपल्या महाराष्ट्रात दिसायला लागलेच होते. सगळा दोष रिपोर्टचा नाही, डायबेटीस होता, ऑक्सिजनची मारामार होती, पण आकडा बघून औषध द्यायची सवय त्यात होतीच होती.

आता तेच डेंग्यूत चाललंय. सगळं लक्ष प्लेटलेटवर, आणि पपईच्या पानांचा रस. डेंग्यूत धोक्याचा काळ बहुतेक वेळा ताप उतरताना येतो, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात, आणि घरचे तेव्हाच म्हणतात, चला सुटलो. त्या दिवसांत पोट दुखतंय, सारख्या उलट्या होतायत, हिरड्यांतून रक्त येतंय, माणूस मलूल पडलाय असं दिसलं तर नवीन पॅकेज करायला आमच्याकडे येऊ नका, सरळ हॉस्पिटल गाठा. आणि सीबीसी झालाच असेल तर प्लेटलेटच्या जोडीला हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) कालच्यापेक्षा चढलाय का, ते तिथल्या डॉक्टरांना विचारा.