नोंद घेतली आहे

मी नैरोबीत बसून पाण्याचं राष्ट्रीय धोरण लिहितो, असं आमच्या मातोश्री पैठणमध्ये येईल-जाईल त्याला सांगतात. धोरण केनिया सरकारच लिहितं. आम्ही सल्लागार कंपनीची माणसं बैठकांची इतिवृत्तं लिहितो, लोकांच्या सूचना तक्त्यात भरतो आणि चहाच्या सुट्टीनंतर मंडळींना हॉलमध्ये परत आणतो. यातलं तिसरं काम सगळ्यांत अवघड.

बैठक शक्यतो नैरोबीबाहेर, नैवाशाच्या तळ्याकाठच्या हॉटेलात. नैरोबीत ठेवली तर साहेब लोक सही करून ऑफिसला सटकतात. सुरुवात प्रार्थनेने. मग ओळख परेड. मग प्रत्येक वक्ता मानाच्या उतरंडीने एकेकाचं नाव घेऊ लागतो, आणि एखादा पुण्यवान माणूस 'ऑल प्रोटोकॉल्स ऑब्झर्व्ह्ड' एवढंच म्हणून सगळ्यांना एका दमात निकालात काढतो. ही सोय आपल्या साहित्य संमेलनाने ताबडतोब आयात करावी, अशी माझी जाहीर मागणी आहे.

टेबलावर प्रत्येकापुढे अर्ध्या लिटरची सीलबंद बाटली आणि पेपरमिंटच्या गोळ्या. सकाळची बाटली अर्धी पिऊन सोडायची, जेवणानंतर नवी फोडायची. नळयोजनांचं जवळपास निम्मं पाणी बिल होण्याआधीच गळतं किंवा चोरीला जातं, ही चर्चा याच अर्धवट बाटल्यांच्या साक्षीने होते. बाहेर हिरवळीवर कारंजी फिरत असतात. त्यांच्या आवाजात 'देशाची 80 टक्के जमीन कोरडी किंवा निमकोरडी' ही स्लाइड फार उठून दिसते.

धोरणांचा इथे तुटवडा नाही. 1974 मध्ये बृहद् आराखडा झाला. 2000 सालापर्यंत घरोघरी हाकेच्या अंतरावर पाणी, असं तेव्हा ठरलं. 2000 उंबऱ्यावर आलं आणि पाणी काही आलं नाही, तेव्हा 1999 मध्ये धोरण काढलं. 2002 मध्ये कायदा केला. नियामक वेगळा, नद्या सांभाळणारे वेगळे, नळ चालवणारे वेगळे. 2010 च्या राज्यघटनेने तर 43व्या कलमात स्वच्छ आणि पुरेशा पाण्याचा हक्कच देऊन टाकला. मग 2016 मध्ये पुन्हा नवा कायदा. (त्याच वर्षी मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी जात होतं, त्यामुळे मी कोणाला हसत नाही.) 2021 मध्ये पुन्हा धोरण. आता मुदत 2030 ची आहे. मुदत कधीच कोरडी पडत नाही, हे इथल्या जलव्यवस्थापनाचं सगळ्यांत खात्रीचं अंग.

खरी गंमत घटनेच्या चौथ्या परिशिष्टात आहे. जलसंपत्ती आणि तिचं धोरण केंद्राकडे, नळ आणि सांडपाणी 47 काउंट्यांकडे, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या प्रांतांकडे. कागदावर बिनतोड. पण नैरोबी पिते ते बहुतेक पाणी न्दाकाइनी धरणाचं, आणि धरण आहे मुरांगा काउंटीत. पाऊस तिथल्या डोंगरात, बिल मात्र राजधानीत. मुरांगावाल्यांनी उत्पन्नात वाटा मागितला. त्यात नद्यांचं पाणी धरणाकडे वळवायला डोंगराखालून बारा किलोमीटरच्या आसपास बोगदा खणला, तेव्हा 'आमचं वाळवंट होणार' अशी ओरड झाली. हॉलमध्ये हा विषय निघाला की सहकारी माझ्याकडे बघतात: भारतात यावर काय तोडगा आहे? मी पैठणचा. जायकवाडी आमच्या दारात. समन्यायी वाटपाचा आपला कायदा 2005 चा, तरी दुष्काळात नाशिक-नगरकडून पाणी सोडायचं म्हटलं की कोर्टाची पायरी ठरलेली. मी गंभीर चेहऱ्याने सांगतो, "आमच्याकडे यावर प्रदीर्घ अनुभव आहे." मंडळी लिहून घेतात.

अशाच एका रंगलेल्या सत्रात घरून फोन येतो. आम्ही नैरोबीतल्या किलिमानी भागात राहतो. पालिकेचं पाणी ठरलेल्या दिवशी येतं, म्हणजे दिवस ठरलेला आहे. बोअरच्या पाण्यात फ्लोराइड. म्हणून टँकर, ज्याला इथे सगळे 'बूझर' म्हणतात.

"अहो, बूझर आलाय, पण त्याची नळी टाकीपर्यंत पोचत नाहीये."

"अगं, मी पाण्याच्या मीटिंगमध्ये आहे."

"मग तिथून जोडा."

सौ.ना 43वं कलम पाठ आहे. ड्रायव्हरला त्यांनी ते स्वाहिलीत ऐकवलं. तो म्हणाला, मामा (स्वाहिलीत बाईमाणसाला मानाने असंच म्हणतात), कलम बरोबर आहे, पण डिझेल वाढलंय. आम्ही निदान टँकर मागवू शकतो. मुकुरू-किबेऱ्याच्या झोपडपट्ट्यांत वीस लिटरचा पिवळा कॅन भरणारी बाई लिटरमागे नळवाल्यांपेक्षा कैकपट पैसे मोजते, आणि तिला चर्चासत्राला कोणी बोलावत नाही.

बोलावायचं म्हटलं तर कायद्याने बोलवावंच लागतं. घटनेतच लोकसहभाग आहे. तो नीट झाला नाही तर न्यायालय अख्खा कायदा रद्द करतं, त्यामुळे साहेब लोक दुष्काळाला भीत नाहीत इतके लोकसहभागाला भितात. कोरडवाहू किटुई काउंटीत तंबू ठोकून सभा घेतली. तिकडे वाळूचे बंधारे आहेत: कोरड्या नदीत आडवी भिंत घालायची, पुराबरोबर वाळू येऊन साठते, वाळूच्या पोटात पाणी राहतं, उन्हाला सापडत नाही. लागेल तेव्हा हाताने खड्डा करून काढायचं. फार सुरेख चीज. महिला गटातली एक बाई उठली. तिने विचारलं, "वाळूतलं पाणी नदीचं की जमिनीखालचं? नदीचं असेल तर एक परवाना, जमिनीतलं असेल तर दुसरा. आम्ही कुठला काढायचा?"

मंचावर शांतता. जलतज्ज्ञाने वकिलाकडे पाहिलं, वकिलाने माझ्याकडे. मी तक्त्यात 'सूचना' या रकान्यात प्रश्न उतरवला आणि 'उत्तर' या रकान्यात लिहिलं: नोंद घेतली आहे. तो रकाना वरपासून खालपर्यंत तसाच भरलाय. बाई खाली बसताना शेजारणीला काहीतरी म्हणाली आणि दोघी पोट धरून हसल्या. ते इतिवृत्तात नाही.

या सगळ्याची कीर्ती सोसायटीत पोचली. आमच्याकडे जमिनीखालची टाकी ए विंगसमोर आणि पंपाचं वीजबिल बी विंगच्या नावावर. ए विंग म्हणते टाकी आमची, बी विंग म्हणते ओढतो आम्ही. मुरांगा-नैरोबीच, फक्त लिफ्टसकट. गुजराती अध्यक्षांनी मला गाठलं. "तमे पॉलिसीवाले छो ने? एक पानात लिहून द्या."

मी रविवारी बसून एक पान लिहिलं. टाकी सामाईक, बिल मजल्यागणिक, टँकरचा क्रम चिठ्ठ्या टाकून. कुठेही परिशिष्ट नाही, चहा नाही, प्रार्थना नाही. रात्री ग्रुपवर टाकलं. पहिला निरोप तिसऱ्या मजल्यावरच्या वकीलबाईंचा: लोकसहभाग न घेता केलेला हा मसुदा घटनाबाह्य आहे, तरी रहिवाशांची बैठक नैवाशाला ठेवावी.