स्थानिक अन्न, जमीन आणि संकटे : एका आक्षेपाला उत्तर

स्थानिक अन्नावरच्या माझ्या लेखाला दिलेल्या सविस्तर आणि परखड प्रतिक्रियेबद्दल आपले आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे, की स्थानिक अन्नाचा आग्रह ही पोट भरलेल्यांची हौस आहे. टंचाईत माणसे वाचतात ती दूरच्या व्यापारामुळे. आयर्लंडमध्ये लोक जवळच्या एकाच पिकावर विसंबले म्हणून मेले. सामाईक जमीन राखण्याची व्यवस्था टिकत नाही, आणि सामुदायिक मळ्यांतले कष्ट कोणाच्या वाट्याला येतात हे कोणी विचारत नाही. आणि वाहतूक कमी करूनही उत्सर्जनात फारसा फरक पडत नाही.

शेवटचा मुद्दा मला मान्य आहे. अन्नव्यवस्थेतून होणाऱ्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा १० टक्क्यांहूनही कमी भरतो. जमिनीचा वापर आणि प्रत्यक्ष शेती यांचा वाटा त्याच्या कितीतरी पट आहे. लेखात मी किलोमीटर मोजत बसलो नाही, ते याच कारणाने.

आयर्लंडचे उदाहरण मात्र आपण मांडता तितके सरळ नाही. १८४५ पासून करप्याने बटाटा नासत गेला आणि सुमारे १० लाख माणसे दगावली, हे खरे. पण लावलेल्या बटाट्यात एकाच वाणाचा भरणा होता, तो पिकवणाऱ्या कुळांना जमिनीवर हक्क नव्हता, आणि उपासमारीच्या वर्षांतही धान्य व जनावरे बंदरांतून बाहेर जात राहिली. व्यापार चालूच होता. विकत घेण्याची ऐपत कुळांकडे नव्हती. एकाच आधारावर विसंबण्याचा धोका व्यापारालाही चुकत नाही. गव्हाच्या जागतिक निर्यातीत रशिया आणि युक्रेन यांचा मिळून चौथ्या हिश्श्याहून अधिक वाटा होता, आणि २०२२ मध्ये त्यांच्यात युद्ध पेटताच आयातीवर जगणाऱ्या देशांना त्याची झळ लगेच बसली.

सोव्हिएत संघ कोसळून तिथली मदत थांबल्यावर क्यूबात शहरी मळे उभे राहिले, पण तो देश आजही बरेचसे अन्न आयात करतो, असे कोणी म्हणेल. बरोबर आहे. मळ्यांनी भाजीपाला दिला, धान्याची गरज भागवली नाही, आणि तशी अपेक्षा धरणेही चूक. संपूर्ण स्वयंपूर्णता हे माझे ध्येय नाही.

माझा खरा मुद्दा पश्चिम आफ्रिकेतल्या नायजर या देशाच्या उदाहरणातून अधिक स्पष्ट होईल. तिथल्या मराडी आणि झिंदर भागांत वसाहतकाळापासून झाडांची मालकी सरकारची मानली जाई. शेतातले झाड राखून शेतकऱ्याला लाभ नव्हता, उलट ते तोडल्यास दंडाची भीती होती, त्यामुळे कोवळे कोंब वेळीच काढून टाकणे त्याला सोयीचे पडे. १९८० च्या दशकात या नियमाची अंमलबजावणी ढिली पडू लागली आणि रोपवाटिकेतली रोपे लावण्याऐवजी जुन्या खोडांच्या जिवंत मुळांतून फुटणारे धुमारे निवडून, बाकीचे छाटून, शेतकरी ते वाढवू लागले. दोन-अडीच दशकांत सुमारे ५० लाख हेक्टरांवर झाडे परतली. वाऱ्याचा मारा कमी झाल्याने कोवळे पीक वाळूखाली गाडले जाईनासे झाले, पाचोळ्याने माती सुधारली, चारा आणि सरपण जवळच मिळू लागले. आणि पीक बुडालेल्या वर्षी हेच लाकूड विकून धान्य विकत घेता आले. ते धान्य बाहेरूनच आलेले असेल, पण ते घेण्याची ताकद स्वतःच्या जमिनीतून आली होती. जमीन राखण्याचा आणि व्यापाराचा संबंध मला असा दिसतो. त्यात आपण कल्पिता तसे वैर नाही.

सामाईक जमिनीवर अशी राखण टिकत नाही, ही आपली शंका जुनी आहे. अमेरिकी अभ्यासक एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरची कुरणे, जंगले आणि सिंचनव्यवस्था अभ्यासून दाखवले, की वापरणारेच नियम करतात, देखरेख ठेवतात आणि चुकणाऱ्याला आधी सौम्य, मग कडक शिक्षा देतात, तिथे अशी व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या चालू शकते. २००९ चे अर्थशास्त्राचे नोबेल त्यांना याच कामासाठी मिळाले. नियम नसतील तिथे आपली शंका खरी ठरते.

राहिला कष्टांचा प्रश्न, आणि आपल्या प्रतिक्रियेतला सर्वांत वजनदार मुद्दा मला हाच वाटतो. सामुदायिक मळ्यांतले निंदणे, पाणी देणे, बियाणे राखणे हे काम बहुधा बायकांच्या वाट्याला आणि बिनमोबदला येते, तर निर्णय भलतेच घेतात. ज्या उपक्रमात या श्रमांचा हिशेब होत नाही आणि ते करणाऱ्यांना पिकावर व निर्णयांवर हक्क नाही, त्याचे समर्थन मी करणार नाही, मग तिथले अन्न कितीही जवळचे असो.