खुलासा: हॅमिल्टन आणि अ‍ॅक्टिंगचे टोनी

"२०१६ ला हॅमिल्टनने अ‍ॅक्टिंगचे चारही टोनी घेतले, बेस्ट अ‍ॅक्टर मिरांडा" हे (हॅमिल्टन म्हणजे अमेरिकेतलं ब्रॉडवेचं म्युझिकल, टोनी म्हणजे तिथले रंगभूमीचे पुरस्कार) मीच टाकलेलं, आता फिरून परत माझ्याकडेच आलंय. चूक आहे ते. टोनीच्या साइटवर यादी बघितली, लिन-मॅन्युएल मिरांडाला लिखाणाचं आणि संगीताचं मिळालं पण बेस्ट अ‍ॅक्टर झाला लेस्ली ओडम ज्युनियर, त्यात अ‍ॅरन बर या पात्राची भूमिका करणारा, आणि सहाय्यक भूमिकांचे दोन गेले दावीद डिग्ज आणि रेने एलिस गोल्ड्सबेरीला. चौथा, बेस्ट अ‍ॅक्ट्रेसचा, 'द कलर पर्पल' या दुसऱ्या म्युझिकलच्या सिंथिया एरिव्होला, हॅमिल्टनची फिलिपा सू नॉमिनेशनवरच राहिली (मला वाईट वाटलं). १६ नॉमिनेशन, ११ टोनी म्हटल्यावर मी बाकीचं धरूनच चाललो. जुना मेसेज फॉरवर्ड करू नका प्लीज, केला असेल तिथे हा टाका.