मुंबई सिटीचं २०२०-२१ चं जेतेपद ‘ताटात वाढून मिळालेलं’ नव्हतं

इंडियन सुपर लीग या फुटबॉल स्पर्धेच्या २०२०-२१ च्या हंगामाचा विषय निघाला की चाहत्यांच्या तोंडी एक ठरलेलं विधान असतं: ‘मुंबई सिटीने एफसी गोव्याचा संघ उचलला, सिटी ग्रुपचा पैसा ओतला, बायो-बबलच्या रिकाम्या मैदानांचा फायदा घेतला, शील्ड नियमाच्या फटीतून मिळवली आणि चषक एटीके मोहन बागानच्या बचावाने ताटात वाढून दिला.’ एका दमात पाच आरोप. (सिटी ग्रुप म्हणजे मँचेस्टर सिटीचे मालक. शील्ड साखळीत अव्वल येणाऱ्याला मिळते, चषक बाद फेरीनंतरचा अंतिम सामना जिंकणाऱ्याला.) त्यातला पैशाचा तेवढा अर्धा खरा आहे. बाकीचे मुंबईचे २० साखळी सामने ओळीने लावून पाहिले की टिकत नाहीत.

आधी गोव्याचं. प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा, आणि खेळाडूंपैकी मोर्तादा फॉल, अहमद जाहू, ह्यूगो बूमूस आणि मंदार राव देसाई गोव्याहून आले. जॅकीचंद सिंग जमशेदपूरमार्गे हंगामाच्या मध्यात आला. संघाचा कणा त्यांचाच होता, हे कुणी नाकारत नाही. पण लोबेराला गोव्याने जानेवारी २०२० च्या अखेरीस, साखळीतले तीन सामने बाकी असताना, स्वतःच काढलं होतं. काढून टाकलेला प्रशिक्षक दुसरीकडे गेला आणि त्याच्या पद्धतीत मुरलेले खेळाडू त्याच्यामागे गेले, तर त्याला उचलेगिरी म्हणता येत नाही.

शिवाय गोल कुणी केले ते बघा. अ‍ॅडम ले फोन्ड्रे ११, बार्थोलोम्यू ओग्बेचे ८, बिपिन सिंग ६. पहिला सिडनी एफसीकडून आलेला, दुसरा केरळा ब्लास्टर्सकडून, तिसरा २०१८ पासून मुंबईतच. गोलकीपर अमरिंदर सिंग तर २०१६ पासूनचा. आणि गोवा रिकामा झाला म्हणावं, तर त्या संघाने साखळीत फक्त तीन सामने गमावले, मुंबईने चार. दोघांमधले चार सामने १-०, ३-३, २-२ आणि ०-० असे झाले. त्यातला एकमेव निकाली सामना भरपाईच्या वेळेतल्या पेनल्टीवर सुटला. उपांत्य फेरी शूटआउटमध्ये ६-५ अशी गेली आणि त्यासाठी दोन्ही संघांनी जादा वेळेच्या अगदी शेवटी आपापले गोलकीपर बदलले होते. संघ लुटला गेलेला क्लब असा लढत नाही.

आता पैसा. सिटी फुटबॉल ग्रुपने नोव्हेंबर २०१९ मध्ये ६५ टक्के हिस्सा घेतला आणि त्याआधीच्या कुवतीत न बसणारा परदेशी भरणा झाला, हे सरळ मान्य करायला हवं. मात्र मैदानावर एका वेळी पाचच परदेशी खेळाडू चालत होते, आणि समोर बागानकडे रॉय कृष्णा, डेव्हिड विल्यम्स, तिरी, संदेश झिंगन होते. तो काही गरीब संघ नव्हता. पुढच्याच हंगामात तेच मालक, तोच ग्रुप, आणि मुंबई ३१ गुणांवर पाचवी. बाद फेरीसुद्धा गाठता आली नाही. तेव्हा पैशाने दार उघडलं असं म्हणा. जेतेपद त्यापुढे खेळून मिळवावं लागलं.

ते कसं मिळवलं, हे या वादात कुणी सांगतच नाही. लोबेराची मांडणी कागदावर ४-२-३-१ (चार बचावपटू, त्यांच्यापुढे दोन, मग तीन, आघाडीवर एक). चेंडू अमरिंदरकडे असला की मधले बचावपटू फॉल आणि एर्नान सान्ताना दोन बाजूंना फाकत आणि जाहू त्यांच्यामध्ये उतरत असे. प्रतिस्पर्ध्याचे दोन आघाडीपटू प्रेस करायला, म्हणजे चेंडू हिसकावायला, आले तर त्यांच्यासमोर तीन पासर. तेवढ्यात फुलबॅक, म्हणजे कडेचे बचावपटू, मंदार आणि उजवीकडचा अमेय राणवडे मध्यरेषेपर्यंत चढलेले. मग जाहूचा लांब तिरका पास, बहुतेक वेळा बिपिनच्या दिशेने. जमलं की प्रतिस्पर्ध्याची बचावफळी धावत मागे वळते, आणि वळून धावणारा बचावपटू चुका करतो. अंतिम सामन्याच्या संदर्भात हे लक्षात ठेवा.

याच पद्धतीचं दुखणंही उघड होतं. जाहूला कुणी अंगाला चिकटून धरलं आणि चेंडू तिथेच हरवला, तर दोन्ही फुलबॅक वर आणि मागे मोकळं रान. नॉर्थईस्टविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात जाहू मध्यंतराआधी लाल कार्ड घेऊन बाहेर गेला आणि मुंबई ०-१ हरली. त्यानंतर १२ सामने अपराजित. मग फेब्रुवारीत घसरगुंडी: ८ तारखेला गोव्याशी ३-३ (बरोबरीचा गोल भरपाईच्या सहाव्या मिनिटाला), १५ ला बेंगळुरूकडून २-४, २० ला जमशेदपूरकडून ०-२. साखळीत एकूण १८ गोल स्वीकारले, त्यातले ९ या तीन सामन्यांत. २४ तारखेला ओडिशाने आधी आघाडी घेतली आणि तिथून मुंबईने ६-१ केलं, त्यात बिपिनची हॅटट्रिक. चार दिवसांनी बागान.

हा पट डोळ्यांसमोर असला की शील्डच्या ‘फटी’चं उत्तर सोपं होतं. शेवटच्या सामन्याआधी बागान ४० गुणांवर, मुंबई ३७ वर. बरोबरी झाली असती तरी शील्ड बागानला. म्हणजे मुंबईला जिंकण्यावाचून पर्यायच नव्हता. सातव्या मिनिटाला जाहूच्या फ्री किकवर फॉलचा हेडर. ३९ व्या मिनिटाला सान्तानाची फ्री किक क्रॉसबारवर आपटली आणि परत आलेला चेंडू ओग्बेचेने डोक्याने आत घातला. २-०, दोघांचे ४० गुण. समान गुण असतील तर आपसातले सामने पाहायचे, हा नियम सर्वांना आधीपासून ठाऊक होता, आणि आपसातले दोन्ही सामने मुंबईने जिंकले होते (जानेवारीत १-०). गोलफरक धरला असता तरी मुंबई +१७, बागान +१३. केलेले गोल धरले तरी ३५ विरुद्ध २८. कुठल्याही नियमाने मोजा, वर मुंबईच राहते.

रिकाम्या मैदानांबद्दल थोडक्यात. कोविडमुळे सगळे ११ संघ गोव्यातच बायो-बबलमध्ये, म्हणजे बाहेरच्यांपासून अलग, होते. फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचं टिळक मैदान एवढ्या तीनच ठिकाणी सामने झाले. मुंबईलाही अंधेरीचं घरचं मैदान नव्हतं. कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावरची गर्दी नसणं हे बागानचं नुकसान होतं, हे खरंच. पण त्याच परिस्थितीत त्यांनीही १२ सामने जिंकले.

राहिला १३ मार्चचा अंतिम सामना. तिरीचा स्वयंगोल आणि ९० व्या मिनिटाला बागानचा गोलकीपर अरिंदम भट्टाचार्यचा चुकलेला अंदाज, एवढंच लोकांच्या लक्षात आहे. पण बागानचा १८ व्या मिनिटाचा गोल कसा झाला? जाहूने स्वतःच्या पेनल्टी क्षेत्राजवळ चेंडू गमावला, विल्यम्सने तो जाळ्यात मारला. भेट द्यायला सुरुवात मुंबईनेच केली होती. २९ व्या मिनिटाला त्याच जाहूने लांब पास बिपिनच्या दिशेने टाकला, मागे धावणाऱ्या तिरीने तो डोक्याने स्वतःच्याच गोलात वळवला. हंगामभर घोटलेली चाल होती ती. शेवटच्या गोलातही मागे पडलेल्या लांब चेंडूवर ओग्बेचे अरिंदमच्या आधी पोहोचला, आणि बिपिन मोकळा होता. त्याआधी पहिल्या अर्धात डोक्याला मार बसलेल्या राणवडेला अँब्युलन्सने न्यावं लागलं होतं. उजवी बाजू बदलून, पिछाडी भरून काढून मिळवलेल्या २-१ ला ताटात वाढलेलं म्हणणं त्या पोरांवर अन्याय आहे.

शील्ड आणि चषक एकाच हंगामात जिंकणारा मुंबई सिटी हा पहिला क्लब. आणि शील्डसोबत एएफसी चॅम्पियन्स लीग या आशियाई क्लबांच्या स्पर्धेच्या गटफेरीची जागा होती. त्या जागेचं मुंबईने काय केलं? तोवर लोबेरा, बूमूस, अमरिंदर तिघेही गेलेले होते. तरी ११ एप्रिल २०२२ रोजी रियाधमध्ये इराकच्या अल-कुवा अल-जाविया क्लबला त्यांनी २-१ हरवलं. त्या स्पर्धेतला भारतीय क्लबचा तो पहिला विजय होता.